‘ताबा’ आणि ‘पालक’ : विभक्त मातापित्यांच्या अपत्याविषयीच्या कायद्यातील दोन शब्दांचा इतिहास

विवाहसंबंध तुटल्यावर लहान अपत्याने कोणाजवळ राहावे, हा प्रश्न सामान्यतः न्यायशास्त्राचा मानला जातो, आणि तो तसा आहेही. तथापि या प्रश्नाचा गेल्या दोन शतकांचा इतिहास तपासू लागले असता एक गोष्ट विशेषत्वाने नजरेत भरते. कायद्याने या काळात आपला कल एकाहून अधिक वेळा बदलला. आरंभी तो सर्वस्वी पित्याच्या बाजूचा होता. पुढे अगदी लहान मुलांपुरता तो मातेकडे झुकला. आणि अलीकडे उभयतांनी मिळून अपत्य वाढवावे अशी भाषा तो बोलू लागला आहे. परंतु ज्या शब्दांनी हा प्रश्न मांडला जात होता ते शब्द या सर्व स्थित्यंतरांत बव्हंशी जागच्या जागी राहिले. घटस्फोटानंतर मूल दृष्टीस पडेनासे झाले अशी तक्रार करणारा पिता, आणि मूल आपण वाढवीत असून त्याच्या कागदावर आपली सही चालत नाही अशी तक्रार करणारी माता, या दोघांची गाऱ्हाणी परस्परविरोधी भासतात. त्यांचा उगम मात्र एकाच शब्दव्यवस्थेत आहे, असे या इतिहासावरून दिसून येते.

विवाहविच्छेदाला मराठीत शब्दांची वाण नाही. काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत, घटस्फोट असे निरनिराळ्या थरांतून आलेले शब्द आहेत. काडीमोडीत काडी मोडून संबंध तुटल्याची खूण केली जाई. फारकत अथवा फारखत हा मूळचा देण्याघेण्याच्या व्यवहारातला शब्द. मोकळे केल्याचा लेख हा त्याचा अर्थ, आणि सावकाराने दिलेली फारखत व नवऱ्याने दिलेली फारखत यांत भाषेने भेद केला नाही. घटस्फोट हा तर धर्मशास्त्रातील बहिष्काराचा विधी. पतिताच्या नावाने पाण्याने भरलेला घट लाथेने उलथावयाचा व त्याला मेलेला समजून ज्ञातीने त्याच्याशी व्यवहार तोडावयाचा, असा तो विधी होता. पतिपत्नींच्या कायदेशीर विभक्ततेशी त्याचा संबंध अर्वाचीन काळात जोडला गेला. मोडणे, सोडणे, मोकळे करणे, फोडणे या साऱ्या क्रिया दोन प्रौढ व्यक्तींमधल्या आहेत. मोडलेल्या संसारात मूल असते, ही गोष्ट या चार शब्दांपैकी एकालाही ठाऊक नाही.

याचे कारण उघड आहे. वरिष्ठ वर्णांच्या परंपरेत तरी मूल कोणाचे हा प्रश्नच उद्भवत नव्हता. ते पित्याच्या कुळाचे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बीज प्रधान की क्षेत्र प्रधान अशी सविस्तर चर्चा आहे खरी, पण ती अपत्य कोणत्या पुरुषाचे, बीज पेरणाऱ्याचे की क्षेत्राच्या धन्याचे, याविषयी आहे. स्त्री तेथे क्षेत्र आहे, आणि क्षेत्र वादात पक्षकार नसते. व्याकरणातही असाच एक मौजेचा दाखला सापडतो. माता आणि पिता या दोघांचा एकत्र निर्देश करताना संस्कृतात ‘पितरौ’ असे केवळ पितृशब्दाचे द्विवचन योजता येते. पाणिनीने एकशेषाच्या प्रकरणात तशी सोय केली आहे. माता त्या रूपात समाविष्ट आहे, पण तिचा उच्चार होत नाही. मराठीने मात्र आईबाप, मायबाप, आईवडील असे आईला पुढे ठेवणारे समास रूढ केले. यावरून मराठी समाजात मातेचा अधिकार मोठा होता असे अनुमान काढणे धाडसाचे होईल; समासातील क्रम पुष्कळदा उच्चाराच्या सोयीने ठरतो. तरी कायद्यातील एका क्रमवाचक शब्दावरून पुढे सर्वोच्च न्यायालयात केवढा खल झाला हे लक्षात घेता हा दाखला अगदीच गैरलागू म्हणता येणार नाही.

मूल कोणाकडे, याचा निवाडा करण्याचे काम इंग्रजी अमदानीतील न्यायालयांकडे आले तेव्हा त्यासाठी जो शब्द रूढ झाला तो जमीनजुमल्याच्या व्यवहारातला. ‘ताबा’ हा मूळ अरबी शब्द मागून येणारा, अधीन असलेला या अर्थाच्या धातूपासून आला आहे. ‘ताबेदार’ या शब्दात तो अर्थ अजून शाबूत आहे. मराठीत आल्यावर त्याचा रोख अधीन असणाऱ्याकडून अधीन ठेवणाऱ्याच्या सत्तेकडे वळला. गडाचा ताबा, घराचा ताबा, शेताचा ताबा, ताबेगहाण. आणि त्याच ओळीत मुलाचा ताबा. इंग्रजीतील ‘कस्टडी’चे मूळही फारसे सौम्य नाही. लॅटिन भाषेतील पहारेकरीवाचक शब्दापासून ते निघाले आहे, म्हणून त्या भाषेत आरोपी आणि अर्भक या दोघांनाही एकच शब्द लागतो. मराठीने त्या एका शब्दाचे दोन केले : आरोपीच्या वाट्याला कोठडी आली आणि मुलाच्या वाट्याला ताबा. शासकीय परिभाषेत ‘अभिरक्षा’ हा रक्षणाचा भाव असलेला शब्द आहे, परंतु वकिलाच्या कचेरीत, वृत्तपत्रात आणि माजघरात चालतो तो ताबाच.

या शब्दाचा एक गुण असा, की त्याला एका वेळी एकच धनी लागतो. दोघांचा ताबा असे म्हणताच मराठी कानाला सामाईक मिळकत आणि तिच्या मागोमाग येणारी सरस-निरस वाटणी आठवते. वस्तुतः पालनपोषण ही क्रिया अनेकांनी मिळून करता येण्याजोगी आहे, आणि एकत्र कुटुंबात ती नेहमीच तशी केली गेली. पण ताबा ही स्थिती तशी नाही.

दुसरा शब्द ‘पालक’. पाळणारा, रक्षण करणारा हा त्याचा यौगिक अर्थ, आणि परंपरेत तो जन्मदात्याहून वेगळा होता : वसुदेव-देवकी जनक, नंद-यशोदा पालक. विसाव्या शतकात शाळांच्या व्यवहारात हा शब्द आईबापांना सरसहा लावला जाऊ लागला आणि आता पालकसभा म्हणजे आईबापांचीच सभा. कायद्याच्या मराठीत मात्र तो इंग्रजीतील ‘गार्डियन’चा प्रतिशब्द आहे, म्हणजे अल्पवयीनाच्या देहाची वा मिळकतीची जबाबदारी असणारी, त्याच्या वतीने सही करणारी व्यक्ती. सातबाराच्या उताऱ्यावर अल्पवयीन खातेदाराच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ ही अक्षरे असतात. अज्ञान पालनकर्ता असा त्यांचा अर्थ. (अठरा वर्षांखालील व्यक्तीला ‘अज्ञान’ म्हणणारी ही भाषा बालकाविषयी काय समजूत बाळगून होती, हा निराळ्या लेखाचा विषय व्हावा.) दोन अर्थ एकाच शब्दात नांदू लागल्यामुळे मराठीत एक चमत्कारिक वाक्य संभवते : आई जिवंत आहे, मूल तिच्याजवळ आहे, आणि ती पालक नाही. इंग्रजीत हे विधान कानाला खटकत नाही, कारण त्या भाषेत मातापितावाचक शब्द आणि पालकवाचक शब्द वेगळे आहेत. मराठीत ते विपरीत वाटते. आणि भारतातील हिंदू मातांविषयी कायद्याची भूमिका १९९९ पर्यंत स्थूलमानाने हीच होती.

या दोन्ही शब्दांच्या पाठीशी जो कायदा उभा होता तो इंग्लंडातला, म्हणून त्याकडे वळणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथील कायद्यात पित्याचा अधिकार जवळजवळ निरंकुश होता. १८०४ च्या एका प्रसिद्ध खटल्यात आठ महिन्यांचे, अंगावर पिणारे मूल पित्याने मातेपासून काढून नेले असताही न्यायालयाने पित्याचाच हक्क मान्य केला. या स्थितीला पहिला धक्का बसला तो एका लेखिकेच्या हातून. कॅरोलाइन नॉर्टन हिच्या पतीने १८३६ साली तिन्ही मुलगे तिच्यापासून दूर नेले आणि त्याच वर्षी पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न यांच्यावर तिच्याशी व्यभिचार केल्याचा दावा लावला. दावा फेटाळला गेला, पण मुले परत मिळाली नाहीत, कारण पतीचा आरोप खोटा ठरल्याने पित्याचा हक्क कमी होत नव्हता. तिने पत्रके लिहिली, संसद सदस्य टॅलफर्ड यांनी विधेयक आणले, १८३८ साली उमरावांच्या सभागृहाने ते नाकारले आणि १८३९ साली ते संमत झाले. सात वर्षांखालील मुले मातेच्या स्वाधीन करण्याचा व त्याहून मोठ्या मुलांची भेट घडविण्याचा आदेश देण्याची मुभा चॅन्सरी न्यायालयास मिळाली. व्यभिचार सिद्ध झालेल्या स्त्रीला हा लाभ नव्हता. खुद्द नॉर्टनबाईंना त्याचा तत्काळ उपयोग झाला नाही; मुलांना स्कॉटलंडमध्ये ठेवण्यात आले होते आणि तेथे तो कायदा लागू नव्हता. धाकटा मुलगा १८४२ साली घोड्यावरून पडून झालेल्या दुखापतीने वारला.

या कायद्याने दोन कल्पना प्रचारात आणल्या आणि त्या दोन्ही पुढे भारतात आल्या. पहिली ही, की अगदी कोवळ्या वयात मातेचे सान्निध्य आवश्यक असते. दुसरी ही, की ज्याच्याजवळ मूल नाही त्याने ते अधूनमधून ‘भेटावे’. आजच्या पित्याला जी भेट अपुरी व अपमानास्पद वाटते तिचा जन्म मातेसाठी झाला होता, ही गोष्ट या विषयाच्या चर्चेत बहुधा विसरली जाते.

इंग्लंडातून हिंदुस्थानात येणारा हा मार्ग एका व्यक्तीच्या आयुष्यातून अक्षरशः गेलेला आहे, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबणे योग्य ठरेल. ॲनी बेझंट १८७३ साली आपल्या धर्मोपदेशक पतीपासून विभक्त झाल्या. करारान्वये मुलगा पित्याकडे व धाकटी कन्या मातेकडे राहिली. एका घरची दोन मुले दोन घरी, अशी ती वाटणीच होती. १८७३ च्याच नव्या कायद्याने अशा करारांना मान्यता दिली होती व मातेकडे मूल देण्याची वयोमर्यादा सोळापर्यंत वाढविली होती. परंतु १८७७ साली संततिनियमनावरील एक पुस्तिका चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्याबरोबर प्रसिद्ध केल्याबद्दल बेझंटबाईंवर खटला झाला आणि पुढच्याच वर्षी पतीने मुलीसाठी अर्ज केला. न्यायाधीश सर जॉर्ज जेसेल यांनी मातेची नास्तिकता आणि ती पुस्तिका या दोन कारणांवरून मुलगी पित्याच्या स्वाधीन करविली. मातेने मुलीची हेळसांड केली असे कोणीच म्हणत नव्हते. १८७९ साली अपिलातही तो निर्णय टिकला. मुले वयात आल्यावर आपण होऊन मातेकडे परतली.

हीच स्त्री सुमारे तीन दशकांनी मद्रास येथील न्यायालयात एका पित्याची प्रतिवादी म्हणून उभी राहिली. थिऑसॉफिकल सोसायटीतील नारायणय्या यांनी १९१० साली पत्र लिहून आपले दोन मुलगे, कृष्णमूर्ती व नित्यानंद, बेझंटबाईंच्या स्वाधीन केले होते. १९१२ साली त्यांनी ते परत मागितले. मद्रासच्या उच्च न्यायालयाने निकाल पित्याच्या बाजूने दिला. १९१४ साली प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. मुले इंग्लंडमध्ये होती, त्यांचे म्हणणे ऐकलेले नव्हते, आणि त्यांच्या हिताचा विचार व्हावयास हवा होता, असा त्या निर्णयाचा रोख होता. त्याच निर्णयात असेही म्हटले होते, की पित्याचे पालकत्व हे पवित्र विश्वस्तपद असून हयातीत दुसऱ्याला कायमचे देऊन टाकण्याची ती वस्तू नव्हे. पित्याचा हक्क येथे मान्य झाला, पण हक्क म्हणून नव्हे, कर्तव्य म्हणून. कन्या गमावताना बेझंटबाईंना जो युक्तिवाद उपलब्ध नव्हता तो दुसऱ्याच्या मुलांच्या बाबतीत त्यांच्या कामी आला, हा योगायोग इतिहासकाराने नोंदवावा असा आहे.

भारतात यासंबंधीचा सर्वसाधारण कायदा १८९० चा, पालक व पाल्य अधिनियम. पिता हयात असून तो अपात्र नसेल तर न्यायालयाने दुसरा पालक नेमू नये, असे त्याचे कलम १९ सांगत होते. तेथे मातेचा उल्लेख येण्यास २०१० साल उजाडावे लागले. कलम २५ भाषेच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. पाल्य पालकाच्या ताब्यातून निघून गेले वा नेले गेले, तर ते परत आणण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते, आणि त्या आदेशाच्या अंमलबजावणीसाठी पाल्याला ‘अटक’ करवून ते पालकाच्या स्वाधीन करता येते. चार वर्षांच्या मुलाला अटक ही कल्पना आज हास्यास्पद वाटेल. पण पहारेकऱ्याचा शब्द घेतला म्हणजे त्याच्यामागून बेडीही येते. त्याच कलमात पाल्याच्या कल्याणाची अटही आहे. १८९० च्या मसुदाकारांनी ही दोन वाक्ये शेजारी ठेवली, आणि त्यानंतरच्या निवाड्यांचा इतिहास म्हणजे दुसऱ्याने पहिल्यावर हळूहळू मिळविलेला वरचष्मा होय. मुले ही आईबापांच्या मालकीच्या चीजवस्तू नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली स्पष्टपणे सांगितले.

स्वातंत्र्योत्तर काळात हिंदू कायद्याच्या सुधारणेची जी विधेयके आली, त्यांचा आरंभ डॉ. आंबेडकरांच्या परिश्रमांनी झाला आणि ती पुढे नेण्यात हरि विनायक पाटसकर यांचा मोठा वाटा होता. घटस्फोटाची तरतूद १९५५ च्या विवाह अधिनियमाने केली. मुंबई प्रांताने १९४७ साली आणि सयाजीरावांच्या बडोदे संस्थानाने १९३१ साली ती आधीच केली होती. अपत्यांचा प्रश्न १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाने हाताळला. त्याचे कलम ६ असे सांगते, की मुलाचा व अविवाहित मुलीचा नैसर्गिक पालक पिता, ‘आणि त्याच्यानंतर माता’. परंतु पाच वर्षे पूर्ण न झालेल्या अपत्याचा ताबा सामान्यतः मातेकडे असावा.

या एका कलमात सारा पेच साठविलेला आहे. पालकत्व मुख्य वाक्यात आहे आणि ताबा परंतुकात. अधिकाराचे नाव पित्याला मिळाले आणि रात्रीचे जागरण मातेला. माता पाच वर्षे मूल वाढवील, पण त्याच्या नावाने बँकेत, कचेरीत, शाळेत ती पालक म्हणून उभी राहू शकणार नाही. पिता सर्वत्र पालक राहील, पण ज्या वर्षांत मूल चालावयास व बोलावयास शिकते त्या वर्षांत ते त्याच्या घरी नसेल. पित्यांचे हक्क हिरावले गेले म्हणणाऱ्यांनी आणि मातांचे हक्क दिले गेले नाहीत म्हणणाऱ्यांनी हे कलम पूर्ण वाचले, तर दोघांनाही आपापले गाऱ्हाणे त्यात सापडेल. कलमाने उभयतांना अर्धे अर्धे दिले. मात्र ते अर्धे अशा रीतीने कापले, की एकाच्या हाती नाम राहिले व दुसऱ्याच्या हाती क्रिया.

‘नंतर’ या शब्दाचा अर्थ प्रथमतः पित्याच्या मृत्यूनंतर असाच घेतला जाई. १९७० साली विदर्भातील एका शेतजमिनीच्या वादात त्याला पहिली चीर पडली. आईने अल्पवयीन मुलीच्या वतीने जमीन कुळाला लावून दिली होती. पिता जिवंत होता, पण तो वीस वर्षांहून अधिक काळ वेगळा राहत होता आणि मुलीच्या कारभारात त्याने कधी लक्ष घातले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने पिता नसल्यातच जमा धरून मातेची कृती ग्राह्य मानली. न्यायालयाने येथे शब्दाचा अर्थ बदलला नाही, वस्तुस्थितीला अपवाद केले. अर्थ बदलण्याचे काम १९९९ मध्ये झाले. इंग्रजी कादंबरीकार गीता हरिहरन यांनी १९८४ साली आपल्या अल्पवयीन मुलाच्या नावे रोखे घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला व आपण पालक असल्याची सही केली. बँकेने तो पित्याच्या सहीसाठी परत पाठविला. या घरात भांडण नव्हते. पित्याची संमती होती. त्याच सुमारास डॉ. वंदना शिवा यांचा घटस्फोटाचा वाद चालू होता व त्यांचे पती आपणच एकमेव नैसर्गिक पालक असल्याचे सांगून मुलगा मागत होते. दोन्ही याचिका एकत्र ऐकून १७ फेब्रुवारी १९९९ रोजी सरन्यायाधीश आनंद यांच्या पीठाने असा निर्णय दिला, की ‘नंतर’ याचा अर्थ केवळ मृत्यूनंतर असा नसून ‘च्या अनुपस्थितीत’ असा आहे. आणि अनुपस्थितीत पित्याची उदासीनता, आजार, दूर राहणे, किंवा उभयतांमधील समजूतही येते.

शब्दार्थशास्त्राच्या दृष्टीने हा निर्णय ओढाताणीचा आहे, हे मान्य केले पाहिजे. कालवाचक अव्ययाला स्थितिवाचक अर्थ देण्याची मुभा इंग्रजी भाषा सहजी देत नाही आणि मराठीही देत नाही. न्यायालयाला कलम घटनाबाह्य ठरवावयाचे नव्हते आणि अन्यायही ठेवावयाचा नव्हता; त्या दोहोंच्या कात्रीत शब्दाला वाकावे लागले. परिणाम इष्ट झाला, पण क्रम कायम राहिला. पिता उपस्थित व इच्छुक असेल तर माता अजूनही दुसरीच.

परंतुकातील ‘सामान्यतः’ या शब्दाचा प्रवास उलट दिशेने झाला. गोव्यातील एका दांपत्याच्या अगदी लहान मुलाविषयी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा पीठाने पित्याच्या बाजूने आदेश दिला असता सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली तो रद्द केला. पाच वर्षांखालील मुलाबाबत माता अयोग्य असल्याचे सिद्ध करण्याचा भार पित्यावर आहे, आणि पालकत्व, ताबा व भेट या तीन संज्ञा एकमेकींत मिसळता कामा नयेत, असे त्या निर्णयात सविस्तर सांगितले आहे. विधी आयोगाने तर १९८९ च्या आपल्या १३३ व्या अहवालात पाचाऐवजी बारा वर्षांची मर्यादा सुचविली होती. या आकड्यांना शास्त्राचा आधार किती, हा प्रश्न विचारणे प्राप्त आहे. १८३९ चे सात आणि १९५६ चे पाच हे दोन्ही आकडे मानसशास्त्रातून आलेले दिसत नाहीत. मातृवियोगाविषयी जॉन बोल्बी यांचा जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेला अहवाल १९५१ चा. त्याने जुन्या समजुतीला नवे बळ दिले एवढेच. पुढे १९६४ साली शॅफर व इमर्सन यांनी ग्लासगो येथील साठ अर्भकांच्या निरीक्षणावरून दाखविले, की दीड वर्षाच्या आतच बहुसंख्य मुलांना मातेबरोबर पित्याचाही लळा लागलेला असतो. लळा हा शब्द येथे मुद्दाम योजला आहे. तो लागतो, कोणी घेत वा देत नाही, आणि एकाला लागला म्हणून दुसऱ्याचा कमी होत नाही.

युरोपातील कायद्यांनी या अडचणीवर जो उपाय केला तो भाषेच्या अभ्यासकाला विशेष उद्‌बोधक वाटावा. त्यांनी नामच बदलले. फ्रान्सने १९७० साली ‘पितृसत्ता’ या अर्थाची संज्ञा काढून ‘मातापित्यांचा अधिकार’ अशी संज्ञा घातली, आणि १९८७ साली घटस्फोटानंतरही तो अधिकार दोघांनी मिळून चालविण्याची वाट उघडली. जर्मनीत १९८० पासून ‘सत्ता’ जाऊन तिच्या जागी ‘काळजी’ आली. घटस्फोटानंतर ही काळजी एकाच्याच वाट्याला आली पाहिजे हा तेथील नियम घटना न्यायालयाने १९८२ साली अवैध ठरविला. काळजी हे नाम आल्यानंतर तिचा एकच धनी असावा हे समर्थनीय राहिले नाही, असे म्हणण्यास जागा आहे. पोर्तुगालने २००८ साली ‘पितृसत्ता’वाचक संज्ञा टाकून ‘मातापित्यांच्या जबाबदाऱ्या’ असा अनेकवचनी शब्द स्वीकारला. गोव्यात मात्र १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता कौटुंबिक बाबतीत चालू राहिली असल्याने जुनी संज्ञा मायदेशातून गेल्यावरही तेथे उरली. इंग्लंडने १९८९ च्या अधिनियमाने कस्टडी हा शब्द टाकून ‘निवास’ व ‘संपर्क’ हे शब्द आणले. पंचवीस वर्षांत त्यांनाही जुना वास लागला. निवास मिळालेला जिंकला, संपर्क मिळालेला हरला, असे लोक समजू लागले. तेव्हा २०१४ साली तेही काढून ‘मुलाची व्यवस्था’ असा साधा शब्द ठेवण्यात आला. त्याच वेळी दोन्ही मातापित्यांचा सहभाग मुलाच्या हिताचा असल्याचे गृहीत धरणारे कलम घातले गेले. पण सहभाग म्हणजे वेळेची अमुक एक वाटणी नव्हे, असा खुलासा त्यालाच जोडावा लागला. नवा शब्द जुन्या अर्थापासून आपोआप सुरक्षित राहत नाही, हे यावरून दिसते.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९७९ साली उलट मार्ग धरला : जुने नाम ठेवून त्याला ‘संयुक्त’ हे विशेषण लावले. भारतातही तीच वाट रुळते आहे. २०१३ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने एका मुलाविषयी जानेवारी ते जून पित्याकडे व जुलै ते डिसेंबर मातेकडे असा आदेश दिला. हेतू निःसंशय उदार होता. तरी आदेशाचे स्वरूप पाहता सामाईक विहिरीवरील पाण्याच्या पाळ्या आठवल्यावाचून राहत नाहीत. विधी आयोगाने मे २०१५ मधील २५७ व्या अहवालात या विषयाचा प्रथमच समग्र विचार केला. कलम ६ मधून ‘नंतर’ काढून मातापिता दोघांना एकाच वेळी नैसर्गिक पालक मानावे, आणि संयुक्त ताबा हा पर्याय न्यायालयांपुढे असावा, अशा शिफारशी त्यात आहेत. मात्र संयुक्त ताबा हाच नियम असे गृहीतक धरू नये, असेही आयोगाने बजाविले. ही सावधगिरी रास्त म्हटली पाहिजे. जेथे मारहाण झाली आहे, किंवा जेथे पोटगी टाळण्यासाठी दिवसांचा हिशेब मांडला जातो, तेथे समान वाटणीचा आग्रह मुलाच्या वतीने नसतो. परंतु शिफारशींचा पहिला भाग निराळा आहे. त्याला कोणत्याही पक्षाचा तात्त्विक विरोध संभवत नसता अहवालानंतरच्या दशकात कलमातील ते अव्यय हललेले नाही.

न्यायालयांची भाषा त्यामानाने पुढे सरकली आहे. २०२० सालच्या एका निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने भेटीच्या हक्काहून वेगळा असा संपर्काचा हक्क सांगितला. मूल दूरदेशी असेल तर दूरध्वनीवर वा दृक्‌श्राव्य माध्यमाने आईला किंवा बापाला त्याच्याशी रोज बोलता आले पाहिजे, असा त्याचा आशय. भेट ठराविक वारी, ठराविक जागी होते. संपर्काला जागा लागत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली घेतलेला एक निर्णय घटस्फोटाशी संबंधित नसला तरी येथे नोंदण्याजोगा आहे. १ मे २०२४ रोजी वा नंतर जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे आधी आईचे नाव, मग वडिलांचे, आणि शेवटी आडनाव, असा क्रम शासकीय दस्तऐवजांसाठी ठरविण्यात आला. मराठी नावाच्या रचनेत मधली जागा आजवर पित्याची होती आणि विभक्त मातेने वाढविलेल्या मुलाच्या हजेरीपटावरही ती त्याचीच राही. आता तेथे दोन नावे शेजारी बसतात.

समुपदेशकांच्या खोल्यांतून अलीकडे ‘सहपालकत्व’ हा शब्द कानी येतो. संस्कृतच्या नियमांना तो धरून आहे, मराठी तोंडात बसण्याइतका लहान नाही, पण त्यात क्रियेचा अर्थ आहे आणि त्याला दोन कर्ते चालतात. उभयतांची समजूत घालताना तो वापरला जातो. समजूत पटून आदेश लिहावयाची वेळ आली, की त्यात मुलाचा ‘ताबा’ अमुक याजकडे, आणि ‘भेट’ महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या शनिवारी, असे जुने शब्द पुन्हा येऊन बसतात.